बल्बसाठी अडलेला करार

सरांना आमच्या बँकेत सगळे ‘इंजिनिअर’ म्हणायचे, आणि बँकेत हा शब्द काही फारसा मानाचा नव्हता. बहरीनच्या राजधानीतली, मनामातली, आमची बँक होती छोटीच, पण तिनं वीज कंपन्यांना भांडवल उभं करून देणारा एक नवा विभाग काढला होता. त्या विभागात वीज म्हणजे काय हे माहीत असलेला एक तरी माणूस असावा, असं कुणाच्या तरी मनात आलं आणि विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात बॉयलरच्या शेजारी उमेदीची वर्षं काढलेले सर सूट शिवून बहरीनला आले. सूट त्यांच्या अंगावर नेहमी उसना आणल्यासारखा दिसायचा.

त्यांच्या हाताखाली काम करायला मी होते. मी सांगलीकडची, शिकले कॉमर्स. नवरा मुहर्रकच्या विमानतळावर टेक्निशियन आणि आमचं बिऱ्हाड हूऱ्यात. मुलाखतीला गेले तेव्हा ताळेबंद, व्याज, गुणोत्तरं असं सगळं घोकून गेले होते. सरांनी विचारलं, “घरातला फ्यूज उडाला तर कोण बसवते?”

“मीच बसवते, सर.”

“तार कोणती घालता?”

“जी हाताला येईल ती.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “घर जाळसान एक दिवस, माय,” असं म्हणून त्यांनी माझ्या अर्जावर सही केली. नोकरी का दिली हे मी पुढे कधीतरी विचारलं, तर म्हणाले, “खोटं नाही बोलल्या. तार कोणती घालायची ते शिकवता येते.”

त्यांचा एक शब्द होता. काहीही सांगा, ते विचारायचे, “पाह्यलं का?” कंपनीचा नफा वाढलाय म्हटलं, तर “पाह्यलं का?” बंदरात कोळशाचं जहाज लागलंय म्हटलं, तरी “पाह्यलं का?” एकदा नवऱ्याला ताप आलाय म्हणून रजा मागितली, तेव्हाही तेच विचारलं. मी म्हटलं, अंग गरम लागतंय. म्हणाले, “हात लावून काय समजते? थर्मामीटर लावा, पाहा, मंग फोन करा.” मी थर्मामीटर विकत आणला, लावला आणि फोन केला. मग रजा मिळाली, आणि संध्याकाळी तेच मोसंबी घेऊन घरी हजर झाले. नवऱ्याला बघून झाल्यावर त्यांनी थर्मामीटरही मागून बघितला.

बँक त्यांना जुफैरला नवा कोरा फ्लॅट द्यायला तयार होती. सगळे बँकवाले तिकडेच राहायचे. सर मात्र बुसैतीनला एका बहरीनी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर राहिले, कारण त्या घराचं वायरिंग त्यांच्या मनात भरलं होतं. सरांच्या घरी वहिनी ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या. “लोक घर पाहाले जातात त सैपाकघर पाहतात. यायनं मीटरचा डबा उघडला. मी म्हटलं, खिडकी कोठी आहे? त हे म्हणे, अर्थिंग पाह्य, असं अर्थिंग तुले नागपुरात नाही भेटणार.” खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची. वहिनी त्या अर्थिंगच्या घरात भिंतीकडे तोंड करून राहिल्या.

रस्त्यानं चालताना कुठं ट्रान्सफॉर्मर दिसला की सर थांबायचे. आमच्या बिल्डिंगशेजारी एक होता. जेवायला आले की आधी त्याच्या भिंतीला कान लावून उभे राहायचे आणि मगच जिना चढायचे. एकदा एका पोलिसानं त्यांना तसं उभं असलेलं पाहिलं आणि काय चाललंय म्हणून विचारलं. सरांचं अरबी दहा-बारा शब्दांचं. भिंतीवर हात ठेवून ते म्हणाले, “हादा मरीद.” हा आजारी आहे. पोलिसानं भिंतीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि इंशाल्ला बरा होईल असं काहीतरी म्हणून तो निघून गेला. ट्रान्सफॉर्मर आज जातो की उद्या, असं सर वर्षानुवर्षं सांगत राहिले. आम्ही बहरीन सोडलं तेव्हाही तो मजेत गुणगुणत होता.

असा हा माणूस शेअर बाजाराच्या भानगडीत पडला तो एका कंपनीमुळे. पूर्वेकडच्या एका देशातली ती वीज कंपनी. तिला आपल्या केंद्रात तिसरं युनिट उभारायचं होतं आणि त्यासाठी नवे शेअर विकून पैसा हवा होता. आमचे विभागप्रमुख म्हणजे एक गोरे साहेब, अतिशय सभ्य, आवाज कधीही न चढवणारे. त्यांनी कंपनीला फॉरवर्ड सेल सुचवला. आमच्या बँकेत हा प्रकार कुणी केलेला नव्हता. साहेबांनी फळ्यावर बाण काढून समजावून सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर म्हणाले, “मला नाही समजलं.” साहेबांनी पुन्हा बाण काढले. सर पुन्हा म्हणाले, नाही समजलं. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी सकाळी सर माझ्या टेबलाशी आले. चेहरा उजळलेला.

“मॅडम, समजलं. एकदम सोपं आहे. त्या बाणांनी घोटाळा केलता.”

समजलेली गोष्ट पोटात ठेवणं त्यांना जमत नसे. नेमकी त्याच आठवड्यात आपल्या लोकांची चौदा एप्रिलची जयंती होती. बहरीनमध्ये महाराष्ट्रातून आलेली आमची बरीच कुटुंबं होती, त्यात कुणी फिटर, कुणी नर्स, कुणी ड्राफ्ट्समन. जुफैरमधल्या एका क्लबचा हॉल घेऊन आम्ही जयंती करायचो. त्या वर्षी प्रमुख वक्ते सर होते. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली, निम्मी इंग्रजीत. सर उभे राहिले आणि म्हणाले, “शिकलेलं लपवून ठेवू नये, हे आपल्याले ज्यानं शिकवलं त्याची आज जयंती आहे. म्हणून मी या हप्त्यात जे शिकलो ते सांगतो.” आणि त्यांनी फॉरवर्ड सेल सांगायला घेतला.

“समजा, खुर्ची म्हणजे शेअर.”

हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या होत्या. आणखी खुर्च्या खालच्या कोठीत होत्या आणि त्या आणायचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं. सरांनी त्यालाच उभं केलं. “हा म्हणजे वीज कंपनी. याच्यापाशी नव्या खुर्च्या आहेत, पण खाली आहेत. याले पैसा आजच्या आज नाही लागत. आधी पाया खणन, मंग बॉयलर येईन, मंग टर्बाइन. पैसा लागते टप्प्याटप्प्यानं. सगळ्या खुर्च्या आजच विकल्या त पैसा नुसता पडून राहीन, अन् जुन्या भागीदाराच्या ताटातलं उगाच वाटलं जाईन. थांबला, त उद्याचा भाव कोणाले माहीत? मंग हा काय करते? भाव आज ठरवते, खुर्ची जेवणाच्या वेळी देते. पैसाही तवाच घेते.”

“कुणाशी ठरवतो?” मागून कुणीतरी विचारलं.

“माह्याशी. मी बँक. आता तवापर्यंत भाव पडला त मी मेलो ना? म्हणून मी आजच बंदोबस्त करतो. कांबळेकाका, उठा जरा.”

कांबळेकाका सोलापूरचे, प्लंबिंगचे फोरमन, पहिल्या रांगेत वेळेवर येऊन बसलेले. ते उठले. सरांनी त्यांची खुर्ची उचलली आणि दाराशी शिफ्टवरून नुकत्याच आलेल्या एका इलेक्ट्रिशियनला नेऊन दिली. “काकांची खुर्ची मी उसनी घेतली, आजच्या भावानं याले विकली, पैसे माह्या हातात. आता भाव चढो का पडो, मले फरक नाही. जेवणाच्या वेळी कंपनीची नवी खुर्ची आली का काकांची काकाले वापस. समजलं?”

लोकांना समजलं. टाळ्या पडल्या. कांबळेकाका म्हणाले, “आणि तोवर मी?”

“तुम्हाले भाडं भेटते.”

“मला भाडं नको. मला खुर्ची पाहिजे.”

एवढ्यात खुर्च्या आणायला खाली गेलेला माझा नवरा हात हलवत परत आला. कोठीला कुलूप होतं आणि चावीवाला घरी गेला होता. “चावी मफी, नाहीच,” तो म्हणाला. तिकडे इलेक्ट्रिशियन खुर्चीत बसल्या बसल्या झोपी गेला होता. काका गुडघे चोळत उभे. सरांना मात्र आनंद झाला. “पाहा, यात खरा धोका हाच आहे. उसनं देणारा मधातच वापस मांगू शकते. मंग बँकेले कोठूनही आणून द्यावं लागते.” आणि त्यांनी स्टेजवरची स्वतःची खुर्ची खाली आणून काकांना दिली. उरलेल्या कार्यक्रमभर, अध्यक्षीय भाषण आणि आभारासकट, प्रमुख वक्ते भिंतीला टेकून उभे होते. कांबळेकाका त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसले नाहीत.

कराराआधी सरांनी जागेवर जाऊन यायचं होतं. युनिट वेळेत होईल का, म्हणजे कंपनी ठरल्या टप्प्यांवर शेअर देऊन पैसे उचलेल का, एवढंच बँकेला हवं होतं. सर आठवडाभर जाऊन आले. अहवाल मीच टाइप केला. पाया उत्तम, बॉयलर वाटेवर आहे, माणसं हुशार आहेत. आणि शेवटी एक परिच्छेद: केंद्राच्या कुंपणाला लागून मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यात दिवा नाही, माणसं अंधारात जेवतात. ज्या कंपनीला कुंपणापलीकडे वीज नेता येत नाही ती देशभर कशी नेणार, हे समजत नाही. सबब सही करता येत नाही.

साहेबांनी त्यांना बोलावलं. मीही होते.

“अहवाल फार छान आहे,” साहेब म्हणाले. “हा शेवटचा परिच्छेद काढू या.”

“काढतो,” सर म्हणाले. “त्यांनी बल्ब लावले का काढतो.”

“ही भांडवलाची बाब आहे. खोल्यांची नाही.”

“बॉयलर पाह्यला तेव्हा बॉयलर लिहिला. खोली पाह्यली म्हणून खोली लिहिली.”

साहेब आवाज न चढवता म्हणाले की त्या शेअरचा भाव सध्या चांगला आहे. करार ज्या दिवशी होईल त्या दिवशीचा भाव धरला जाणार. उद्या भाव घसरला तर कंपनी आपल्याला सोडून दुसऱ्या बँकेकडे जाईल. आणि जाता जाता, तितक्याच सभ्यपणे, त्यांनी सरांच्या कॉन्ट्रॅक्टची मुदत संपत आल्याची आठवण करून दिली.

कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला. व्हिसा गेला की बुसैतीनचं घर, धाकट्या मुलीची शाळा, सगळंच गेलं. सरांना समजावायला मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. सर गच्चीवर होते. वहिनींनी चहा ठेवला आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, “तुम्ही कायले आल्या ते मले माहीत आहे. काही उपयोग नाही.”

“वहिनी, एवढ्याशा बल्बसाठी?”

त्यांनी गॅस बारीक केला. “यायच्या गावात वीज आली तवा हे चौथीत होते. खांब येत येत गावाच्या टोकापर्यंत आला. आपल्या वस्तीकडे नाही वळला. पार बारावीपर्यंत नाही वळला. गावात उजेड दिसे, अन् हे वस्तीतून पाहत. यायनं इंजिनिअरिंग कायले केलं असं वाटते तुम्हाले?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पण पोरीची शाळा चालू आहे हो. तुम्ही बोलून पाहा.”

मी गच्चीवर गेले, पण मला बोलायला जमलं नाही. सरांनी मला दूरवरचे मनामाचे दिवे दाखवले आणि त्या लाइनवर लोड किती असेल ते सांगितलं.

साहेबांनी शेवटी कंपनीला कळवलं. कंपनीला हसू आलं असणार, पण पैसा त्यांना हवा होता. आठवड्याभरात उत्तर आलं: बल्ब लावले. सोबत फोटो. पत्र्याची खोली, आत लोंबकळणारा बल्ब, बाहेर लख्ख ऊन.

सरांनी फोटो जवळ नेला, लांब नेला. “हा दिवसा काढला आहे.”

“मग?” साहेबांनी विचारलं.

“बल्ब आहे हे दिसते. चालू आहे हे कोठी दिसते?”

त्या दिवशी मी साहेबांना पहिल्यांदा टायची गाठ सैल करताना पाहिलं. रात्रीचा फोटो मागवला गेला. कंपनीनं घाईघाईत तो फॅक्सनंच पाठवला. आमच्या फॅक्समधून एक आख्खा काळाकुट्ट कागद हळूहळू बाहेर आला. त्याच्या मधोमध वाटाण्याएवढा पांढरा ठिपका. सगळा विभाग त्या कागदाभोवती गोळा झाला. सरांनी चष्मा वर केला. “हा बल्ब आहे, का फॅक्समधला कचरा?”

कुणालाच खात्रीनं सांगता येईना. साहेबसुद्धा वाकून बघत होते. मग मूळ फोटो कुरिअरनं मागवला. दरम्यान रोज सकाळी शेअरचा भाव यायचा आणि साहेब तो बघून खिडकीशी जाऊन उभे राहायचे. भाव पडत नव्हता. उलट थोडा थोडा चढत होता. कुरिअर आलं. फोटोत पिवळा उजेड होता, उजेडात चार माणसं ताटं घेऊन बसलेली, आणि चौघंही कॅमेऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. सरांनी तो बराच वेळ पाहिला. मग खिशातून पेन काढून सही केली आणि म्हणाले, “भात आहे ताटात. डाळ पातळ दिसते.” डाळीचं मात्र त्यांनी अहवालात लिहिलं नाही.

करार चढलेल्या भावानं झाला. कंपनीच्या वित्तप्रमुखानं सरांना चॉकलेटचा मोठा डबा पाठवला आणि बाजाराची नस अचूक ओळखून करार लांबवल्याबद्दल आभार मानले. सरांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “मॅडम, हा माणूस माह्याविषयीच बोलून राहिला ना?” पुढे काही आठवड्यांतच पूर्वेकडचे बाजार धडाधड कोसळले. त्या देशात निम्मी बांधकामं अर्ध्यावर उभी राहिली. आमच्या कंपनीचा भाव मात्र आधीच ठरलेला होता. प्रत्येक टप्प्याला तिनं नवे शेअर दिले, ठरलेला पैसा उचलला आणि टर्बाइन बसवलं. बँकेनं उसने शेअर परत केले आणि आपली फी मोजून घेतली. आणखी थोडे दिवस बल्बसाठी अडून बसले असते तर सगळंच बुडालं असतं, हे मी सरांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, “बुडालं नाही ना?” त्यांचं कॉन्ट्रॅक्ट साहेबांनी निमूटपणे वाढवलं. शेअर बाजारात ज्याचं नाव झालंय त्याला काढणार तरी कसं?

तिसरं युनिट सुरू झालं तेव्हा उद्घाटनाला बँकेतून साहेब, सर आणि मी असे तिघं गेलो. सकाळी मंडपात तिथले मंत्री आले, त्यांनी एक हिरवं बटन दाबलं, समोरच्या फळ्यावर दिव्यांची माळ लागली आणि हजार-दोन हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. डोळे पुसताना मी त्यांना पाहिलं, पण धूळ फार होती म्हणाले.

दुपारी जेवणात सर दिसेनात. साहेबांनी मला शोधायला पाठवलं. मला कुठं जायचं ते ठाऊक होतं. कुंपणाच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्यांच्या तीन लांबच लांब रांगा होत्या आणि सर पहिल्या खोलीच्या दारात, कोट हातावर टाकून, वर बघत उभे होते. खोलीत बल्ब होता. बल्बवर दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा उलटा बांधलेला होता. शेजारच्या खोलीतही डबा. त्याच्या पुढच्या खोलीत बल्बला जुनी बनियन गुंडाळलेली.

आत बसलेला मजूर बिहारकडचा निघाला, पिकल्या मिशांचा. सर आपल्या वऱ्हाडी हिंदीत त्याला विचारत होते, “डब्बा काहे को बांधा, भाई?”

“का करें साहब. रात भर जलता है. नींद नहीं आती.”

“तो बंद कर दो ना.”

“बटन कहाँ है?”

सर आत गेले. भिंतीवरून हात फिरवत खोलीभर फिरले. तार बाहेरून येत होती आणि सरळ बल्बला जाऊन मिळत होती. मेन स्विच ठेकेदाराच्या ऑफिसात होता, आणि बँकेचा माणूस कधी येईल सांगता येत नाही म्हणून तो कधीच बंद केला जात नव्हता.

“पहले तो अंधेरे में खाते थे, मगर सोते तो थे,” मजूर म्हणाला. “कौन साहब लगवाया, पता नहीं.”

सर बाहेर येऊन एका दगडावर बसले. मी शेजारी उभी. कोट मांडीवर ठेवून म्हणाले, “म्या विचारलं, चालू आहे का. बंद होते का, हे नाहीच विचारलं.”

“सर, तुम्हाला काय माहीत?”

“पाह्यला होता ना फोटो,” ते म्हणाले. “डोळे कसे बारीक केलते त्यायनं.”

मग ते उठले. कंपनीच्या तरुण इंजिनिअरला बोलावून त्यांनी कोठीतून बटनं आणि वायर मागवली. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यानं बटनं मागावीत याचा अर्थ त्या बिचाऱ्याला लागेना, पण तो धावला. सरांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. चार इलेक्ट्रिशियन कामाला लागले आणि पाचवे स्वतः सर. साहेब आम्हाला शोधत तिथं आले, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “यासाठी मला कुठं सही करावी लागणार आहे का?” सर म्हणाले, नाही. मग साहेब तिथंच एका पेटीवर बसून राहिले.

अंधार पडेपर्यंत पहिली रांग झाली. बाकीच्या दोन रांगा दुसऱ्या दिवशी सकाळी करून देतो असं तो इंजिनिअर म्हणाला, आणि सर म्हणाले, “मी आहे ना सकाळी. पाहून जाईन.” माणसं जेवून आली होती. डबे आणि बनियनी काढून टाकलेल्या. सगळ्या दारांतून पिवळा उजेड बाहेर येत होता आणि त्या पिकल्या मिशांच्या मजुराला सरांनी भिंतीपाशी उभं केलं होतं.

“दाबो,” सर म्हणाले.

त्यानं दाबलं. खोलीत अंधार झाला. शेजारच्यानं दाबलं, त्याच्या शेजारच्यानं दाबलं, आणि टकाटक करत अख्खी रांग विझली. मग त्या काळोखात कुणीतरी टाळी वाजवली आणि एकदम सगळे वाजवायला लागले, माझ्या शेजारी पेटीवर बसलेले साहेबसुद्धा.

“बस, बस,” अंधारातून सरांचा आवाज आला. “अब सो जाओ, बाप्पा.”